खासबाग : कोल्हापूरचे कुस्ती मैदान आणि त्यामागचे शहर

राजर्षी शाहू खासबाग कुस्ती मैदान कोल्हापूरच्या जुन्या भागात आहे. अंबाबाईचे मंदिर आणि भवानी मंडप येथून ते चालत जाण्याच्या अंतरावर आहे. १९०७ मध्ये त्याचे काम सुरू झाले आणि १९१२ मध्ये तेथे पहिली मोठी कुस्ती झाली. संस्थानाच्या खासगी बागेच्या जागेवर ते उभे राहिले, म्हणून त्याला खासबाग हे नाव मिळाले. मध्यभागी तांबड्या मातीचा हौदा, भोवती चढत जाणारी गोल बैठक आणि एका बाजूला नाट्यगृहाची पाठ, अशी त्याची मांडणी आहे. एका खेळासाठी बांधलेल्या या मैदानाचा उपयोग पुढे नाटकांना आणि सार्वजनिक समारंभांनाही झाला. शंभर वर्षे उलटून गेल्यावरही ज्या कामासाठी ते बांधले त्याच कामासाठी ते वापरात आहे. भारतातल्या फार थोड्या क्रीडावास्तूंबद्दल असे सांगता येते. त्याचे श्रेय केवळ दगडमातीच्या बांधकामाला देता येणार नाही. मैदानाआधी शहरात तालमी होत्या, तालमींमागे राजाश्रय होता आणि कुस्तीतले बारकावे ओळखणारा प्रेक्षक होता. खासबागेचा इतिहास हा या सगळ्यांचा एकत्रित इतिहास आहे.

संस्थान आणि तालमी

हे मैदान उभारणाऱ्या शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. त्यांचे मूळ नाव यशवंतराव. १७ मार्च १८८४ रोजी ते कोल्हापूरच्या गादीला दत्तक गेले आणि २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्यकारभार हाती घेतला. मधल्या काळात राजकोट आणि धारवाड येथे त्यांचे शिक्षण झाले. धिप्पाड देहाच्या महाराजांना शिकार, घोडदौड आणि मर्दानी खेळ यांची मनापासून आवड होती. ते स्वतः कुस्ती खेळत, त्यामुळे पैलवानाचे कष्ट त्यांना ऐकून नव्हे, अनुभवाने ठाऊक होते.

कोल्हापुरात तालमींची परंपरा त्यांच्या आधीपासूनची होती. पेठेतली तरणी पोरे पहाटे उठून जोर-बैठका काढत आणि वस्तादाच्या नजरेखाली लढत. शाहू महाराजांनी या परंपरेला संस्थानाचे बळ दिले. मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी अशा तालमी कोल्हापूरच्या कुस्तीची घराणी म्हणून नावारूपाला आल्या. पैलवानाला राहायला जागा, अंगाला माती आणि पोटाला खुराक मिळाला तरच कुस्ती टिकते. दूध, तूप, बदाम, थंडाई यांचा रोजचा खर्च शेतकऱ्याच्या किंवा मजुराच्या घराला झेपणारा नव्हता. संस्थानाने तो उचलल्यामुळे जातीपातीचा आणि घरच्या परिस्थितीचा विचार न करता अंगात रग असलेला मुलगा तालमीत टिकू लागला. पंजाब आणि उत्तर हिंदुस्थानातले नामांकित मल्लही कोल्हापूरच्या आश्रयाला येऊ लागले. त्यांच्याबरोबर नवे डाव आले, मेहनतीच्या नव्या पद्धती आल्या आणि स्थानिक पैलवानांना तोडीस तोड जोड मिळू लागले.

मल्ल वाढले तशा कुस्त्याही वाढल्या, पण त्या पाहायला सोयीची जागा नव्हती. मोकळ्या माळावर किंवा पटांगणात आखाडा खणला जाई आणि लोक त्याच्याभोवती कडे करून उभे राहत. पुढच्या दोन-तीन रांगांना कुस्ती दिसे, मागच्यांना फक्त आरोळ्या ऐकू येत. रेटारेटीत कडे आत सरके आणि पैलवानांनाच जागा अपुरी पडे. चांगली कुस्ती सगळ्यांना सारखी दिसली पाहिजे, ही गरज त्यातून निर्माण झाली.

१९०२ चा युरोप प्रवास

सातव्या एडवर्ड राजाच्या राज्याभिषेक समारंभासाठी शाहू महाराज १९०२ मध्ये इंग्लंडला गेले. राजाच्या आजारपणामुळे जूनमधला समारंभ लांबला आणि तो ९ ऑगस्टला झाला. याच प्रवासात केंब्रिज विद्यापीठाने महाराजांना एलएल. डी. ही सन्माननीय पदवी दिली. ते परदेशात असतानाच, २६ जुलै १९०२ रोजी, मागासलेल्या वर्गांसाठी संस्थानाच्या नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा त्यांचा प्रसिद्ध जाहीरनामा निघाला.

युरोपच्या या प्रवासात त्यांनी रोममधले कलोसियम पाहिले. इसवी सनाच्या पहिल्या शतकात, सुमारे सन ७२ ते ८० या काळात बांधलेली ही वास्तू लंबगोल आहे. तिची लांबी सुमारे १८९ मीटर आणि रुंदी सुमारे १५६ मीटर आहे. मध्ये झुंजीचे अंगण आणि चारही बाजूंनी टप्प्याटप्प्याने वर चढत गेलेल्या बैठका, अशी तिची रचना आहे. हजारो माणसे एकाच वेळी बसूनही प्रत्येकाला मधले अंगण दिसे. कोल्हापूरच्या आखाड्याभोवतीची गर्दी डोळ्यांसमोर असलेल्या राजाला या रचनेचा उपयोग लगेच उमगला. आपल्या शहरातही असे मैदान हवे, हा विचार घेऊन ते परतले.

तो विचार प्रत्यक्षात येण्याचा काळही महत्त्वाचा आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कोल्हापुरात एकामागून एक कामे उभी राहत होती. शाहूपुरीची बाजारपेठ १८९५ मध्येच वसली होती. १९०१ पासून विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे निघू लागली, १९०६ मध्ये कापड गिरणीची पायाभरणी झाली आणि पाठोपाठ भोगावती नदीवरच्या राधानगरी धरणाचे काम हाती घेतले गेले. खासबागेच्या मैदानाची सुरुवात याच वर्षांतली, म्हणजे १९०७ मधली. बाजारपेठ, शाळा, पाणी आणि खेळ ही शहराची सारखीच गरज आहे, अशी दृष्टी या सर्व कामांमागे दिसते. खेळाच्या मैदानासाठी संस्थानाने गावाबाहेरची पडीक जमीन दिली नाही, शहराच्या मध्यातली आपली बाग दिली.

मैदानाची रचना

खासबागेत सगळ्यात आधी नजरेत भरतो तो त्याचा गोलाकार. कुस्तीला चहूबाजूंनी पाहता येते, तिला नाटकासारखी पुढची आणि मागची बाजू नसते. त्यामुळे गोल बैठक हा या खेळाला सर्वांत न्याय देणारा आकार ठरतो. वर्तुळाच्या परिघावरच्या प्रत्येक जागेपासून मधला हौदा सारख्याच अंतरावर असतो. चौकोनी मैदानात कोपऱ्यात बसलेल्या प्रेक्षकाला जो तोटा होतो तो येथे कोणालाच होत नाही.

दुसरे वैशिष्ट्य म्हणजे उतार. बैठक बाहेरच्या बाजूला उंच आहे आणि हौद्याकडे उतरत येते, त्यामुळे संपूर्ण मैदान एखाद्या खोलगट परातीसारखे दिसते. बसलेल्या माणसाचा डोळा समोरच्या माणसाच्या डोक्याच्या वर राहील एवढी उंची प्रत्येक टप्प्याला मिळाली की मागच्या रांगेलाही हौदा स्वच्छ दिसतो. आजची क्रीडागृहे बांधताना वास्तुरचनाकार हाच हिशेब मांडतात. खासबागेत तो काँक्रीटच्या उंच मनोऱ्यांविना, जमिनीचा उतार वापरून साधला आहे. जमिनीवर टेकलेल्या अशा बैठकीला उंच खांबांचा आणि तुळयांचा खर्च नाही. पावसाचे पाणी काढून दिले आणि माती दाबून ठेवली की ती पिढ्यान्‌पिढ्या टिकते.

हौदा बैठकीपासून मोकळी जागा सोडून मधोमध आहे. पैलवान, वस्ताद, पंच, हलगीवाले आणि मानकरी यांची ये-जा या मोकळ्या जागेतून होते आणि प्रेक्षकांचा लोंढा हौद्यापर्यंत पोहोचत नाही. मैदानाभोवती भिंत असल्यामुळे आत-बाहेर करण्याच्या वाटा ठरलेल्या आहेत. जुन्या कुस्त्यांमध्ये कडे मोडून लोक आत घुसत. त्या अडचणीला हे नेमके उत्तर होते.

पहिली कुस्ती

मैदान तयार झाल्यावर १९१२ मध्ये तेथे इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन या मल्लांची कुस्ती झाली आणि ती इमामबक्षने जिंकली. इमामबक्ष हा जगप्रसिद्ध गामा पैलवानाचा धाकटा भाऊ. दोनच वर्षांपूर्वी, १९१० मध्ये, हे दोघे भाऊ लंडनला गेले होते. तेथे गामाने अमेरिकेच्या बेंजामिन रोलरला हरवले आणि पोलंडच्या स्टानिस्लॉस झ्बिश्कोशी त्याची लढत बरोबरीत सुटली. इमामबक्षने स्वित्झर्लंडच्या जॉन लेमला चीतपट केले. युरोपात नाव कमावून आलेला मल्ल कोल्हापूरच्या नव्या मैदानात उतरला, यावरून त्या काळी हिंदुस्थानच्या कुस्तीत या संस्थानाला किती मान होता याची कल्पना येते.

६ मे १९२२ रोजी शाहू महाराजांचे मुंबईत निधन झाले. त्यानंतर गादीवर आलेल्या राजाराम महाराजांच्या काळातही कुस्तीचा आश्रय चालू राहिला. खासबागेत कुस्ती मारणे हे दक्षिण महाराष्ट्रातल्या आणि सीमेपलीकडच्या बेळगाव भागातल्या पैलवानाचे आयुष्यातले ध्येय बनले.

शेजारचे नाट्यगृह

कुस्तीइतकाच शाहू महाराजांचा जिव्हाळ्याचा विषय म्हणजे संगीत आणि नाटक. मैदान पूर्ण झाल्यानंतर वर्षभरात, १९१३ मध्ये, त्याला लागूनच नाट्यगृहाचे काम सुरू झाले आणि १९१५ मध्ये ते पूर्ण झाले. त्याचे पहिले नाव पॅलेस थिएटर. प्रेक्षागृहात मध्ये खांब नसल्यामुळे रंगमंच कोठूनही अडथळ्याविना दिसे. मैदानात उताराने जे साधले ते नाट्यगृहात खांब टाळून साधले. पुढे या नाट्यगृहाला संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव देण्यात आले. ९ ऑगस्ट १८९० रोजी जन्मलेल्या केशवरावांनी १९०८ मध्ये ललितकलादर्श ही नाटक मंडळी काढली आणि १९२१ मध्ये, ऐन उमेदीत, त्यांचे निधन झाले.

या दोन वास्तूंची पाठ एकमेकींना लागलेली आहे. नाट्यगृहाच्या रंगमंचामागची बाजू खासबागेकडे उघडते, त्यामुळे मैदानाच्या बाजूचे व्यासपीठ खुल्या रंगमंचासारखे वापरता येते. बंदिस्त प्रेक्षागृहात न मावणारा प्रेक्षक मैदानाच्या उतारावर बसू शकतो. एकाच आवारात तालमीतला पैलवान आणि नाटक मंडळीतला नट यांना जागा देणारी ही योजना त्या काळच्या मानाने फार पुढची होती. अनेक उपयोगांचे क्रीडागृह ही कल्पना आज सर्वत्र रुळली आहे. कोल्हापूरने ती १९१५ मध्येच आपल्या गरजेतून घडवली होती.

मैदान भरते तेव्हा

मोठ्या कुस्त्यांच्या दिवसाला पश्चिम महाराष्ट्रात ‘मैदान’ असेच म्हणतात. आधी काही दिवस गावोगावी जोडांची छायाचित्रे असलेली पत्रके लागतात. एक नंबरची कुस्ती कोणाची, दोन नंबरची कोणाची, इनाम किती, यावर पारापारांवर चर्चा रंगते. मैदानाच्या दिवशी दुपारपासून माणसे जागा धरू लागतात. सुरुवात लहान मुलांच्या कुस्त्यांनी होते. पूर्वी या कुस्त्यांचे बक्षीस म्हणून रेवड्या देत, म्हणून त्यांना रेवडीवरच्या कुस्त्या म्हणत. मग वय, वजन आणि नाव वाढत जाते, आणि सूर्य कलता कलता मोठे जोड हौद्यात उतरतात.

हलगीचा ताल सुरू असतो. पैलवान हौद्याला नमस्कार करून माती कपाळाला लावतो, शड्डू ठोकतो आणि सलामी झडते. निकाली कुस्तीत गुण मोजत नाहीत. प्रतिस्पर्ध्याची पाठ मातीला लावून त्याला आस्मान दाखवले की निकाल लागला. ढाक, कलाजंग, घिस्सा, धोबीपछाड, एकलंगी, भारंदाज हे डाव प्रेक्षकाला नावानिशी ओळखता येतात आणि डाव पडण्याआधीच्या पकडीवरूनच बैठकीत कुजबुज सुरू होते. जिंकणाऱ्याला फेटा बांधून खांद्यावर घेतात. खूश झालेले शौकीन जागेवरून नोटा पुढे करतात. हरलेल्या पैलवानानेही कुस्ती जिवाच्या करारावर केली असेल तर त्यालाही दाद मिळते. असा जाणकार प्रेक्षक हे कोल्हापूरचे मोठे धन आहे.

हौद्यातली मातीही तयार करावी लागते. चाळून घेतलेल्या तांबड्या मातीत तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर, कडुनिंबाचा पाला असे पदार्थ तालमीच्या रीतीप्रमाणे मिसळतात. त्यामुळे माती मऊ राहते, अंगाला खरचटले तर त्रास कमी होतो आणि तिला विशिष्ट गंध येतो. ती कडक होऊ नये म्हणून रोज फावड्याने खणून खाली-वर करावी लागते. हे काम स्वतः पैलवानच करतात आणि तो त्यांच्या मेहनतीचाच एक भाग मानला जातो.

मातीतून मॅटवर

कोल्हापूरच्या कुस्तीला जगाच्या नकाशावर नेणारे खाशाबा जाधव सातारा जिल्ह्यातल्या गोळेश्वरचे. १५ जानेवारी १९२६ रोजी जन्मलेले खाशाबा शिक्षणासाठी कोल्हापूरला राजाराम महाविद्यालयात आले आणि तेथल्या कुस्तीत वाढले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते कोल्हापूरच्या महाराजांच्या आर्थिक मदतीने गेले. मातीत घडलेल्या या मल्लाला मॅट आणि आंतरराष्ट्रीय नियम दोन्ही नवे होते, तरीही फ्लायवेट गटात त्यांनी सहावा क्रमांक मिळवला.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी पैसा उभा करणे हीच पहिली कुस्ती होती. लोकांनी वर्गणी जमवली. राजाराम महाविद्यालयाचे माजी प्राचार्य बॅ. खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. २३ जुलै १९५२ रोजी खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ऑलिंपिकमधले ते पहिले वैयक्तिक पदक होते. याच स्पर्धेत कोल्हापूरचेच केशव माणगावे फेदरवेट गटात चौथे आले. एकाच शहराचे दोन मल्ल एकाच ऑलिंपिकमध्ये पहिल्या चारांत आले, हे तालमींच्या पन्नास वर्षांच्या मशागतीचे फळ होते.

माती आणि मॅट यांतला फरक केवळ पृष्ठभागाचा नाही. मातीतली जुनी कुस्ती वेळेचे बंधन न मानता चाले. ताकद राखून, प्रतिस्पर्ध्याला दमवून, योग्य क्षणी डाव टाकणे हे तिचे मर्म होते. आंतरराष्ट्रीय कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत आणि गुणांवर लढली जाते. वजनगट काटेकोर असतात आणि पहिल्या सेकंदापासून चपळाई लागते. मातीत पाय रुततो, मॅटवर तो वेगाने सरकतो. म्हणून मॅटचा सराव वेगळा करावा लागतो. १९६१ पासून चालू असलेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेने पुढे यावर मार्ग काढला. त्यात माती आणि गादी, म्हणजे मॅट, अशा दोन विभागांत लढती होतात आणि दोन्ही विभागांतले विजेते किताबासाठी एकमेकांशी लढतात.

विलीनीकरणानंतरचा सुवर्णकाळ

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. राजाश्रय संपल्यावर कुस्तीही संपेल अशी भीती होती, ती खरी ठरली नाही. १९५० नंतर उसाच्या पट्ट्यात सहकारी साखर कारखाने उभे राहिले आणि पैलवानांना मानधन देणे, मैदाने भरवणे ही जबाबदारी त्यांतल्या अनेकांनी उचलली. गावोगावच्या जत्रांनीही वर्गणीतून कुस्त्या चालू ठेवल्या. आश्रय राजवाड्यातून शेतकऱ्याच्या हातात आला.

याच काळात कोल्हापूरच्या तालमींतून देशाला मल्ल मिळाले. बेळगाव भागातल्या एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे यांनी १९५९ मध्ये दिल्लीत बंतासिंगला हरवून पहिला हिंदकेसरी हा मान मिळवला. पुढच्याच वर्षी सांगली जिल्ह्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर हिंदकेसरी झाले. कवठेपिरानचे मारुती माने यांनी १९६४ मध्ये तो किताब पटकावला. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत आंदळकर आणि माने या दोघांनीही प्रत्येकी एक सुवर्ण आणि एक रौप्यपदक जिंकले. राधानगरी तालुक्यातल्या अर्जुनवाड्याचे दादू चौगुले यांनी महाराष्ट्र केसरी आणि रुस्तुम-ए-हिंद हे किताब मिळवले आणि १९७४ च्या ख्राइस्टचर्च राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक आणले.

या मल्लांच्या लढतींनी खासबाग पुन्हा पुन्हा भरत राहिले. सत्तरच्या दशकात दिल्लीचे सतपाल देशभर अजिंक्य वाटत होते. खासबागेत युवराज पाटील यांनी त्यांच्यावर मिळवलेला विजय कोल्हापूरच्या जुन्या शौकिनांच्या बोलण्यात आजही येतो. उत्तरेचा मल्ल आणि दक्षिणेचा मल्ल अशा जोडांमध्ये प्रांताचा अभिमान असे, पण तालमीतल्या रीतीप्रमाणे पाहुण्या पैलवानाची बडदास्त कोल्हापूरकरच ठेवत. हेच सतपाल पुढे १९८२ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक विजेते ठरले आणि दोन ऑलिंपिक पदके जिंकणाऱ्या सुशील कुमारचे गुरू म्हणून ओळखले गेले.

ओहोटी आणि टिकाव

ऐंशीच्या दशकानंतर मोठ्या कुस्त्यांची संख्या घटू लागली. खुराकाचा खर्च वाढला, तालमीत दहा वर्षे घालवण्याऐवजी नोकरीकडे मुले वळली आणि करमणुकीची साधने घरात आली. पंजाब आणि हरयाणाने मॅटच्या कुस्तीवर वेळीच लक्ष केंद्रित केले, महाराष्ट्र मातीच्या प्रेमात काहीसा मागे राहिला. कोल्हापूर शहरात तर तालमींचे दुसरे प्रेमही जोमात होते. पेठापेठांतल्या तालीम मंडळांनी फुटबॉलचे संघ काढले होते आणि छत्रपती शाहू स्टेडियमवरचे सामने हजारो प्रेक्षक ओढत होते. ज्या तालमीच्या नावाने पूर्वी पैलवान ओळखले जात, त्याच नावाने आता फुटबॉलचे संघ गाजू लागले.

कुस्ती मात्र संपली नाही. तालमींत आजही पहाटे घाम गळतो आणि ग्रामीण भागातली मुले शिकायला येतात. २००० मध्ये विनोद चौगुले यांच्यानंतर महाराष्ट्र केसरीची गदा कोल्हापूरला बरीच वर्षे मिळाली नव्हती. २०२२ मध्ये साताऱ्यात पन्हाळा तालुक्यातल्या देवठाणेचे पृथ्वीराज पाटील यांनी ती आणली, तेव्हा शहराने केलेला जल्लोष कुस्तीवरचे प्रेम जिवंत असल्याची खूण होता. मैदानाच्या शेजारी संध्याकाळी गजबजणाऱ्या खाऊगल्लीमुळे, कुस्ती नसतानाही खासबाग हे नाव कोल्हापूरकरांच्या रोजच्या बोलण्यात असते.

२०२४ ची आग

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला भीषण आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. आगीत रंगमंच, प्रेक्षागृह आणि छप्पर जळून गेले आणि खासबागेच्या बाजूच्या व्यासपीठालाही झळ बसली. जाड दगडी भिंती उभ्या राहिल्या. रात्रीच शेकडो कोल्हापूरकर तेथे जमले. अनेक कलावंतांना अश्रू आवरले नाहीत. राज्य सरकारने निधी जाहीर केला आणि वास्तू जुन्याच रूपात पुन्हा उभारण्याचे ठरले. त्याप्रमाणे पुनर्बांधणीचे काम सुरू झाले.

या घटनेच्या आठवडाभर आधी, १ ऑगस्टला, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा नेमबाज स्वप्नील कुसाळे याने पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकले होते. खाशाबांनंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला मिळालेले ते वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते. एका आठवड्यात शहराने आपल्या क्रीडापरंपरेचा मोठा आनंद आणि आपल्या वारसावास्तूचे मोठे नुकसान दोन्ही अनुभवले. मैदान आणि नाट्यगृह पाठीला पाठ लावून असल्यामुळे एकाची सुरक्षितता दुसऱ्यावर अवलंबून आहे. लाकूड, पडदे आणि वीजवाहिन्या असलेल्या जुन्या वास्तूंना नियमित तपासणी आणि अग्निशमनाची चोख व्यवस्था लागते. ती नसेल तर शतकाचा ठेवा काही तासांत राख होतो.

वाढत्या शहरांसाठी

खासबागेचा हा अनुभव आज झपाट्याने वाढणाऱ्या शहरांनाही उपयोगी आहे; वसई-विरार हे त्यांपैकी एक. २०११ च्या जनगणनेनुसार कोल्हापूर शहराची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या जवळपास होती. त्याच जनगणनेत वसई-विरारची लोकसंख्या १२ लाखांवर गेली होती. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या नगरपरिषदा आणि भोवतालची गावे एकत्र करून ३ जुलै २००९ रोजी तेथे महानगरपालिका झाली. २०११ पासून सुरू झालेल्या महापौर मॅरेथॉनने या शहराला खेळाशी जोडणारी स्वतःची ओळखही दिली. अशी झपाट्याने वाढणारी शहरे महाराष्ट्रात अनेक आहेत आणि त्या सर्वांसमोर मोकळ्या जागेचा प्रश्न आहे. इमारती वाढत जातात तशी जमीन महाग होते आणि मैदानाचे आरक्षण कागदावरच राहण्याचा धोका वाढतो.

खासबागेच्या इतिहासातून अशा शहरांना तीन गोष्टी घेता येतात. पहिली, जागा शहराच्या मध्यात आणि वेळेत राखली पाहिजे. पायी येणाऱ्या माणसाला जे मैदान जवळ वाटते तेच भरते. दुसरी, रचना खेळाच्या आणि प्रेक्षकाच्या गरजेतून आली पाहिजे. शाहू महाराजांनी रोमची वास्तू पाहिली, पण कोल्हापुरात तिची नक्कल न उभारता स्थानिक जमिनीच्या उतारावर कुस्तीला शोभेल असा आखाडा बांधला. वसईच्या किनारपट्टीवर किंवा विरारच्या टेकड्यांखाली बांधायचे क्रीडागृहही तेथल्या पावसाचा, जमिनीचा आणि तेथे खेळल्या जाणाऱ्या खेळांचा विचार करूनच उभे राहायला हवे. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. मैदानाआधी आणि मैदानाबरोबर खेळाडू घडवणाऱ्या संस्था पोसाव्या लागतात. प्रशिक्षक, सरावाची रोजची सोय, खेळाडूच्या आहाराचा खर्च आणि शिकत असतानाचा आधार यांच्याशिवाय बांधलेले क्रीडागृह समारंभापुरते भरते आणि एरवी ओस पडते.

खासबाग टिकले, कारण त्याच्याभोवती मोतीबाग, गंगावेश आणि शाहूपुरी होती, त्यांना पोसणारे आधी संस्थान आणि मग सहकार होता, आणि ढाक व कलाजंग यांतला फरक ओळखणारी माणसे उतारावर बसत होती. नाट्यगृहाची पुनर्बांधणी होत असताना मैदानाची नियमित निगा, तालमींना मॅटची जोड आणि दरवर्षी ठरलेल्या काळात मोठ्या कुस्त्या एवढी काळजी घेतली तर हे मैदान दुसऱ्या शतकातही आपल्या मूळ कामासाठी उभे राहील.